उणे पंधरा ग्रॅम

२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझ्या भाचीला मुलगी झाली. आज सहावा दिवस. जन्माच्या वेळी वजन दोन किलो नऊशे चाळीस ग्रॅम, म्हणजे निदान त्या काट्याचं तसं म्हणणं होतं. काट्यावरच्या तपासणीच्या शिक्क्याची मुदत डिसेंबरातच संपली होती. मी झोपल्या झोपल्या ते परिचारिकेला दाखवलं, तर ती म्हणाली, "बाई, आधी मुलीकडे बघा." मी बघितलं. छान आहे. नाक आपल्याकडचं आहे, रंग अजून ठरायचाय. पण शिक्का संपलेला होता तो होताच.

फोनच करणार होते. पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस. मागे मी बढतीची बातमी दिली तर तू सगळ्यांना माझी बदली झाली म्हणून सांगितलंस. तेव्हा पत्रच बरं.

आता मुद्द्यावर येते. तुला माझी नोकरी ठाऊक आहे. अकरा वर्षं दुकानादुकानांतून काटे आणि मापं तपासत फिरतेय. मी दारात दिसले की दुकानदार आधी काट्याखालची धूळ पुसतो, मग नमस्कार करतो. आणि आता माझ्याच घरात रोज आठ-दहा वेळा माल दिला जातोय आणि किती दिला ते मला सांगता येत नाही. बाटलीवर रेघा असतात, माझ्यावर नाहीत. परिचारिकेला विचारलं, किती पाजायचं? ती म्हणाली, मागेल तेवढं. आता हे काय माप झालं?

पोरगी दीड तासाने रडते. रडली की सासूबाई सूपाची वाटी घेऊन दारात उभ्या राहतात आणि हळूच म्हणतात, "पोटभर होत नसेल गं." बाई प्रेमळ आहेत, म्हणून तर उलटून बोलताही येत नाही. नवऱ्याचं तुला माहीत आहे, दिवसभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांवर काचा बदलत असतो. घरी आला की मी पोरीला या बाजूने घेतलं, त्या बाजूने घेतलं, तरी विचारतो, "आता बरं वाटतंय, की मघाचं बरं होतं?"

आईला विचारलं, तर ती म्हणाली मला काही म्हणजे काही आठवत नाही, ताईला विचार. तिला एवढं दूध होतं की स्वतःचं पोर पाजून शेजारच्या घड्याळजीची पोरगीही तिने वाढवली. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय, पण तेव्हा तिच्यात काही घेण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं. तर मावशी, तुझी पद्धत काय होती? वेळा, बसायची रीत, खाणंपिणं, सगळं क्रमाने लिही.

तुझी भाची


६ फेब्रुवारी

चिरंजीव काटेबाईस मावशीचे अनेक आशीर्वाद, न मोजता.

तुझं पत्र आलं तेव्हा एक गिऱ्हाईक एका बाहीत हात घालून उभं होतं. त्याला तसंच उभं ठेवून मी पत्र वाचलं, मग त्यालाही वाचून दाखवलं. शिक्क्याचं ऐकून तो इतका हसला की टाचणी टोचली. मुलगी झाली, फार बरं झालं. आमच्याकडे नुसते मुलगेच झाले, फ्रॉक शिवायची माझी हौस तशीच राहिली.

पद्धत काय विचारतेस? छत्तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवतेय, त्यातलंच सांगते. पोर आज जेवढं आहे तेवढ्याच मापाचं शिवलं, तर चार महिन्यांत बटण लागत नाही. म्हणून शिवणीत दोन बोटं कापड दाबून ठेवायचं, लागेल तसं उसवायचं. तुझ्यातही तसं दाबून ठेवलेलं आहे. पोरगी ओढेल तसं निघेल. तू वर ताण देऊ नकोस.

पाठीला उशी घे. खांदे वर चढवून बसू नकोस, तू परीक्षेला बसतेस तशी बसत असशील. आपण वाकून पोराकडे जायचं नाही, पोराला आपल्याकडे आणायचं. तहान लागली की पाणी पी. पोर दर वेळी भुकेनेच रडतं असं नाही, त्याला दुसरं काही येत नाही म्हणूनही रडतं. आणि मोजल्याशिवाय तुला चैन पडणारच नसेल तर ओली दुपटी मोज. दिवसाला सहा-सात ओली झाली की समज, आत गेल्याशिवाय बाहेर येत नाही.

घड्याळजीच्या पोरीचं काय लिहायचं, जुनी गोष्ट आहे. ती पोरगी आता दोन पोरांची आई आहे. घड्याळवाली अजून शेजारीच असते, भिंतीला भिंत लागून. तिला तुझी बातमी सांगितली. ती म्हणाली, बाळंतिणीला भलत्या गोष्टी सांगून घाबरवू नका. तिचं नेहमी असंच मोजकं असतं.

सासूबाईंचं सूप पीत जा. त्यांना काहीतरी काम पाहिजे असतं.

तुझी मावशी


१० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

उशीचा उपयोग झाला. खांदे खाली आणले. पण तुझ्या पत्रात एकही आकडा नाही, म्हणून मी माझा मार्ग काढला.

कचेरीच्या भांडारातून रीतसर अर्ज करून काटा आणलाय. पाच ग्रॅमपर्यंत फरक दाखवतो, शिक्का माझ्याच हातचा आहे. बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ ठेवलाय. फरशी गार पडते म्हणून खाली जाड गालिचा, काट्यावर दुपटं आणि दुपट्यावर पोरगी. पाजायच्या आधी एकदा वजन, पाजून झालं की पुन्हा एकदा. जेवढा फरक तेवढं दूध. इतकं साधं आहे, कुणाला सुचत कसं नाही कोण जाणे.

त्याची वही केली आहे. वेळ, आधी, नंतर, फरक आणि शेरा असे रकाने आखले. शेऱ्याच्या रकान्यात नवरा माझ्या मागे येऊन "गोड आहे" असं लिहून ठेवतो, मी खोडते.

आणि मावशी, आकडे वाईट आहेत. काल सकाळी पस्तीस. मग दहा. दुपारी शून्य. आणि संध्याकाळी वीस मिनिटं पाजून उणे पंधरा. उणे पंधरा ग्रॅम. मी तिला पाजलं आणि तिचं वजन घटलं. अकरा वर्षांत मी दांडी मारणारे पाहिले, पारड्याच्या तळाला मेण चिकटवणारे पाहिले, पण भरल्यावर हलका होणारा माल पाहिला नव्हता. नवरा म्हणाला, "तिनेच तुला पाजलं असेल." मी त्याच्याशी जेवेपर्यंत बोलले नाही. नंतर एकदम रडू आलं, तेव्हा तो बिचारा घाबरला.

ओली दुपटी आठ होतात, कधी नऊ. पण दुपटं हे काही प्रमाणित माप नाही.

घड्याळजीच्या पोरीचं तू मोठ्या मनाने टाळलंस, ते माझ्या लक्षात आलं. तू स्वतःची फुशारकी कधी मारत नाहीस. पण खरं सांगते, मी रात्रंदिवस तोच विचार करते. तू दोन पोरं वाढवलीस आणि मला एकीचं होत नाही. आई तर येईल त्याला सांगते, आमच्या घराण्यात दुधाला कधी तोटा नव्हता. ती कौतुकाने सांगते आणि मला दरदरून घाम फुटतो.

तुझी भाची


१४ फेब्रुवारी

चिरंजीव काटेबाईस,

काटा परत कर. आजच्या आज.

अगं, मी सकाळी चहा पिऊन काट्यावर उभी राहिले आणि तेवढ्यात शिंकले, तर काय माझं काही कमी होईल? पोर म्हणजे साखरेची पुडी आहे का? ती हलते, पाय झाडते, ओली होते, तू मधेच दुपटं बदलत असशील. एका वेळी कमी पिईल, पुढच्या वेळी भरून काढेल. तू तरी रोज प्रत्येक जेवणाला तेवढंच जेवतेस का? आठ-नऊ दुपटी ओली होतायत आणि ही बाई म्हणते प्रमाणित माप नाही. कपाळाला हात लावला मी.

आणि त्या जुन्या गोष्टीचा जप सोड. लोक गोष्ट सांगताना तिला झालर लावतात. तुझी आई तर लहानपणापासून झालरीतच तरबेज. तुझं पत्र मी घड्याळवालीला वाचून दाखवलं. मला वाटलं हसेल, पण हसली नाही. चष्मा काढून पुसत बसली आणि म्हणाली, "तिला खरं सांग." मी म्हटलं, सांगतेच आहे की, दुपटी मोज म्हणून. त्यावर तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

मऊ कापडाची बारा दुपटी शिवून पाठवते आहे. कडा दुमडून घेतल्या आहेत, टोचणार नाहीत. काटा परत कर आणि वही जावयाकडे दे. त्याचा शेरा मला पटतो.

तुझी मावशी


१८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

दुपटी मिळाली. फार सुंदर आहेत.

बाटली आणली. तीन दिवस झाले, दिवसातून एकदा डब्याच्या पावडरीचं देते. बाटलीत साठ म्हणजे साठ. ती पिते, मी रेघ बघते आणि मला पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखं वाटतं. म्हणून ठरवलंय, येत्या सोमवारपासून पूर्ण डब्यावर. खालच्या किराणावाल्याला सहा डबे आणायला सांगितलेत. सोमवारी तो घेऊन येईल.

तुझा राग नाही. पण तुला नाही कळायचं ते. तुझी विहीर काठोकाठ होती. तू म्हणणार, उपस की, पाणी येतं. माझ्या पोहऱ्याला तळ लागतो त्याचं काय करू? हल्ली पाजायला बसायची वेळ आली की मी दुपट्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसते. तीही माझ्याकडे बघते आणि मान फिरवते, म्हणजे मला तरी तसं वाटतं. आईसुद्धा मुदत संपलेली मिळाली, असं तिला वाटत असेल.

मला हे सोडायचं नाहीये, मावशी. एवढं तुलाच लिहितेय. सकाळी ती पिता पिता माझं बोट धरते, तेवढ्या वेळापुरतं मला कसलंच माप आठवत नाही. पण पोर अर्धपोटी ठेवून स्वतःची हौस कशी भागवू? तुझ्यासारखी बाई घराण्यात एखादीच होते. ती तू झालीस, तेव्हा मी कशाला मनाला लावून घेऊ, अशी मनाची समजूत घालतेय.

भाची


२१ फेब्रुवारी

माझ्या बाळा,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. माझा थोरला सोमवारी तुमच्याकडच्या एका इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करायला येतोय, त्याच्या हाती देते आहे. पाकीट मशीनवर दुहेरी टाका घालून बंद केलंय. त्याला सांगितलंय, उघडलंस तर टाके पुन्हा घालता येतात पण मला कळतं. पत्र त्याच्याबद्दलच आहे आणि त्याला त्यातलं काही माहीत नाही.

माझी विहीर काठोकाठ नव्हती. आता लिहिते ते नीट बस आणि वाच.

थोरला झाला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पहिल्या दिवसापासून माझ्या सासूबाई विचारायच्या, येतंय का दूध? मी म्हणायची, हो. मला काही कळत नव्हतं येतंय का नाही ते, पण नाही कशी म्हणू? पोर रडायचं. मी दार लावून पाजायची, घाम पुसत, दाराबाहेर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत. पुढे पुढे मी त्याला घेतलं की तो रडायच्या आधी मीच रडायची. अकराव्या दिवशी मी पाजणं सोडलं आणि कुणाला सांगितलं नाही. वाटीचमच्याने पाणी घातलेलं दूध लपून द्यायला लागले. तुझे काका दुकानात असायचे, त्यांनाही कळू दिलं नाही.

भिंत पातळ होती. घड्याळवालीला सगळं ऐकू यायचं. तिची पोरगी तीन आठवड्यांची होती. एका दुपारी ती आली, काही न विचारता पोराला उचललं आणि तिच्या घरी घेऊन गेली. मी मागोमाग. त्यांच्या त्या खोलीत भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. ती खुर्चीत बसली आणि माझं पोर जे प्यायला लागलं, ते मी उभी राहून बघतच राहिले. मी घरी सांगायचे, घड्याळजींच्या बायकोला शिवण शिकवायला जाते. दिवसातून चार-पाच वेळा शिकवायला जायचे. सासूबाई म्हणाल्या, बाई फारच मंद दिसते.

महिन्याभराने एक दिवस सासूबाई मला शोधत तिकडे आल्या. घड्याळवाली नुकतीच दोघांना पाजून हात धुवायला आत गेली होती. मी दोन्ही मांड्यांवर दोन पोरं घेऊन बसलेली. दोन्ही तृप्त, दोघांच्याही ओठांवर दूध. सासूबाईंनी दारातून बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "शेजारणीच्या पोरीलाही?" एवढंच म्हणाल्या. मी तोंड उघडलं, खरं सांगते बाळा, उघडलं होतं. पण दीड महिन्यात त्या पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. घड्याळवाली आतल्या दारात ओल्या हाताने उभी होती. तिनेही ऐकलं. ती नुसती हात पुसत राहिली.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. आठवड्यात तुझ्या आईला कळलं. चौतीस वर्षं झाली, मी त्या खोट्या गोष्टीवर ताठ मानेने जगतेय. गणवेश शिवून घ्यायला आलेल्या बाया मला सल्ला विचारतात आणि मी देते. सल्ले खरे आहेत, ते मी दुसऱ्या खेपेला शिकले. धाकट्याच्या वेळी सासूबाई नव्हत्या, दाराबाहेर चपला वाजत नव्हत्या, आणि त्याला मी दीड वर्ष पाजलं. त्याची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तुझं शेवटचं पत्र वाचलं आणि मला कळलं, की दाराबाहेर चपला वाजवणारी आता मी आहे. तुझ्यात आणि माझ्यात फरक एवढाच, तू खरं बोलतेस आणि मी बोलले नाही.

आता तुला डब्याचं द्यायचं तर खुशाल दे. थोरला माझ्या दुधावर वाढला नाही, तरी सव्वासहा फूट आहे आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरला तर डोकं बाहेर राहतं. पण सोडायचं नाहीये असं तू स्वतःच्या हाताने लिहिलंयस. माझ्या भीतीने सोडू नकोस. एकदा, एकदाच, त्या काट्याकडे पाठ करून पाज आणि मग ठरव.

तुझी मावशी


२८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

दादा सोमवारी सकाळी दहाला आला. पाकीट उसवायला नवऱ्याचा चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारका पेचकस घ्यावा लागला, इतका घट्ट टाका. दादा समोर बसून ऑम्लेट खात होता, चौथं. मी एक ओळ वाचायची आणि त्याच्याकडे बघायची, पुन्हा एक ओळ वाचायची. तो म्हणाला, "आईने काय लिहिलंय माझ्याबद्दल?" मी म्हटलं, "तुझ्या मापाचं आहे काहीतरी."

शेवटच्या पानावर मी रडत होते की हसत होते ते मला सांगता येणार नाही. सासूबाईंनी वाटी खाली ठेवली, दादाला बशीसकट स्वयंपाकघरात नेलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता दार लोटून घेतलं. तेवढ्यात पोरगी उठली. मी काट्याकडे पाठ केली, उशी घेतली आणि तिला घेतलं. आधी वजन केलं नाही. वही उघडली नाही. माझ्या डोक्यात तू होतीस, बावीस वर्षांची, दार लावून बसलेली. मला त्या पोरीची इतकी कीव आली, की स्वतःची भीती वाटायची राहूनच गेली.  पोरगी गटागटा प्यायली, आवाज येत होता. तो आवाज आधीही येत असणार, मीच आकड्यांकडे कान लावून बसले होते.

हे मी मुद्दाम आधी लिहिलं, कारण पुढे जे घडलं ते वाचून तुला वाटेल की त्यामुळेच मला धीर आला. तसं नाही.

पोरगी झोपली आणि किराणावाला सहा डबे घेऊन आला. या माणसाला मागच्या वर्षी मी लेखी ताकीद दिली होती. त्याने डबे खाली ठेवले, घाम पुसला आणि त्याची नजर खिडकीकडे गेली. बराच वेळ बघत राहिला. मग अगदी अदबीने म्हणाला, "बाई, काटा गालिच्यावर आहे."

मी म्हटलं, "हो, फरशी गार पडते."

तो म्हणाला, "मागच्या वर्षी माझाही गालिच्याच्या तुकड्यावर होता. आपण लिहून दिलं होतं, काटा सपाट, कठीण आणि न हलणाऱ्या जागी ठेवावा, मऊ जागी तो रुततो आणि खोटं वजन दाखवतो. मी ते चौकटीत लावलंय, गिऱ्हाइकांना दिसेल असं."

मावशी, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. दादा स्वयंपाकघराच्या दारात ऑम्लेट तोंडात धरून हसत होता, त्याला ठसका लागला. मी एक किलोचं प्रमाणित वजन आणलं. गालिच्यावर नऊशे दहा. उचलून पुन्हा ठेवलं, नऊशे पंचाहत्तर. स्वयंपाकघरातल्या दगडी ओट्यावर ठेवलं, बरोबर एक किलो. म्हणजे माझ्या वहीतला एकूण एक आकडा कचरा. किराणावाला सगळं हाताची घडी घालून बघत होता. जाताना दारात थांबून म्हणाला, "आपल्याला ताकीद कोण देणार?" मी म्हटलं, मीच. आणि खरोखर लिहिली. कचेरीच्या कागदावर, दोन प्रतींत. एक प्रत नवऱ्याने भिंतीवर लावली आहे.

पोरीला मात्र ओट्यावरच्या काट्यावर ठेवलं नाही. हात शिवशिवले, पण नाही ठेवलं.

मंगळवारी दवाखान्यात तपासणी होती. तीन किलो तीनशे चाळीस. शिक्का चालू वर्षाचा आहे, तेवढं बघितलं मी. परिचारिकेने मला पाजताना बघितलं, पोरीची हनुवटी जरा आत घ्यायला लावली आणि म्हणाली, "दूध कमी नाही बाई, झोप कमी आहे." बाटली एकदम न तोडता हळूहळू कमी करायला सांगितली. संध्याकाळची एक नवऱ्याकडे ठेवलीये, तो इतक्या ऐटीत पाजतो की माझ्या मनात येतं, हा आता शेजाऱ्यांच्या पोरांनाही पाजेल. पाच डबे किराणावाल्याने परत घेतले. गालिच्याकडे नुसतं बघितलंही नाही. तेवढं मोठेपण त्याने दाखवलं.

तुझ्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा तुझं न जमणं माझ्या उपयोगी पडलं. पण घड्याळवालीचं काय? चौतीस वर्षं ती गप्प कशी राहिली?

तुझी भाची


६ मार्च

चिरंजीव काटेबाईस,

तोच प्रश्न मी तिला विचारला. तुझं पत्र घेऊन गेले, सगळं वाचून दाखवलं आणि म्हटलं, मी तुझं श्रेय चौतीस वर्षं अंगावर घालून फिरले, कशी गप्प राहिलीस?

ती एका घड्याळाला किल्ली देत होती. ती पूर्ण दिली, मग म्हणाली, "श्रेय कसलं? मलाही दूध नाही असंच वाटत होतं."  म्हणाली, तिची पोरगी मुलखाची झोपाळू, दोन घोट घ्यायची आणि डोळे मिटायची. तिला वाटायचं, मिळत नाही म्हणून कंटाळून झोपते. नवऱ्याकडून बाटली मागवायच्या बेतात होती. त्यात भिंतीपलीकडून माझ्या पोराचं ओरडणं. तिला वाटलं, एवढं भुकेलं पोर आहे, याला लावून बघावं, खरंच आहे का नाही ते तरी कळेल. "तुझ्या पोराने जे ओढलं ना," ती म्हणाली, "त्याने माझं दूध वाढलं. मी त्याला पाजलं नाही, त्याने मला धीर दिला. मी कशाला बोलू?"

म्हणजे बघ. भिंतीच्या अलीकडे एक रडत होती, पलीकडे दुसरी, आणि दोघींनाही वाटत होतं की जगात आपल्यालाच जमत नाही.

मी ठरवलं, आता गोष्ट सरळ करायची. काल दुकानात पाच बाया होत्या. कात्री खाली ठेवली आणि सगळ्यांना पहिल्यापासून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग त्यातली एक डोळे पुसत म्हणाली, "मावशी किती मोठ्या मनाच्या, केलं स्वतः आणि नाव शेजारणीचं घेतात." आता गल्लीत हेच झालंय. मी जितकं नाही म्हणते तितकी मी महान होते. तुझ्या आईला पत्र लिहिलं, तर तिचं उत्तर आलं, ताई, तुझा स्वभावच असा.

फक्त थोरल्याने विश्वास ठेवला. ऐकलं, उठला आणि शेजारी गेला. मला वाटलं काहीतरी बोलेल, आभार वगैरे. तासाभराने बघायला गेले तर तो तिच्याकडे जेवत होता आणि ती दुसऱ्यांदा भात लावत होती. मला म्हणाली, "याला तेव्हाही पुरत नव्हतं."

तुझं कसं चाललंय? आता पोरगी एका वेळी किती पिते?

तुझी मावशी


१४ मार्च

प्रिय मावशी,

अक्षराबद्दल माफ कर, डाव्या हाताने लिहितेय. उजव्या हातावर ती आहे.

काटा कचेरीत परत केला. भांडारवाल्याने परत करण्याचं कारण विचारलं, मी लिहिलं, काम संपलं. वहीची कोरी पानं नवऱ्याने घेतली. सासूबाईंना मी तुझी गोष्ट सांगितली, खरी. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मला बाटलीच द्यावी लागली होती गं. म्हणून मी सारखी विचारायची." आता त्या सूप घेऊन दारात उभ्या राहत नाहीत, आत येऊन बसतात.

घड्याळवालीला माझा नमस्कार सांग. गल्लीत गोष्ट सरळ झाली नाही तरी चालेल, आपल्या दोघी-तिघींना ती सरळच माहीत आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते. आत्ताच प्यायली. बोट धरून झोपली आहे, तोंड अर्धवट उघडं, हनुवटीवर एक थेंब. किती प्यायली ते मला माहीत नाही.

तुझी भाची